व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिनं पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया जाते का?

पहाटपाळी:
नमस्कार. वय ५४, वजन ६२ किलो. हाडांची घनता कमी निघाली म्हणून चार महिन्यांपूर्वी घाबरतच वजनं उचलायला लागले, आता मनापासून आवडतंय. आठवड्यातून तीन दिवस जाते. अडचण वेळेची आहे. सव्वासातला व्यायाम संपतो, तिथूनच परस्पर कामावर, आणि पोटात काही पडेपर्यंत साडेनऊ होतात. ट्रेनर म्हणतात, अर्ध्या तासात प्रथिनांच्या पावडरीचा शेक प्यायला नाही तर सगळं पाण्यात. पण सकाळी शेक घेतला की मला मळमळतं. त्यात गेल्या आठवड्यात बैठकांचं वजन ५ किलोंनी वाढवलं, तर तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. प्रथिनं वेळेवर न मिळाल्यामुळेच असं होतंय का?

लोखंडी:
ट्रेनर बरोबर सांगताहेत. मी पावडर कोरडीच बाटलीत भरून नेतो, शेवटचा सेट झाला की तिथेच पाणी ओतून पितो. तीन वर्षं झाली, फायदा आहे. मळमळत असेल तर दुधाऐवजी पाण्यात घेऊन बघा.

वहीतली नोंद:
ताई, तुमची मेहनत कुठेही वाया गेलेली नाही. मी ६३ वर्षांची, आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि साठी उलटल्यावर वजनांना हात लावला. त्यामुळे तुमची काळजी अगदी ओळखीची वाटली.

आधी दुखण्याबद्दल. बैठकेत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी वजनही पेलत असतो. या ताणलेल्या अवस्थेतल्या कामाने तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते, आणि दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतं. जिना उतरतानाही स्नायूला तेच करावं लागतं, म्हणून तिथे कळ येते. लॅक्टिक ॲसिड साचतं वगैरे ऐकलं असेल तर ते सोडून द्या. ते तासाभरात निवळलेलं असतं. शेक वेळेवर घेतला असता तरी तुम्ही कठडा धरलाच असता. प्रथिनांचा या दुखण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. वजन एकदम वाढवलंत, हे त्याचं कारण. तेच वजन पुन्हा उचलाल तेव्हा कमी दुखेल.

मग प्रथिनं करतात काय? स्नायूत जुनी प्रथिनं मोडणं आणि नवी बांधणं चोवीस तास चालू असतं. वजनं उचलल्यावर दोन्हींचा वेग वाढतो. पोट रिकामं असेल तर तरीही मोड बांधणीपेक्षा थोडी जास्तच राहते. खाल्ल्यावर रक्तात अमिनो आम्लं येतात, तेव्हा पारडं बांधणीकडे झुकतं. आणि स्नायूची ही वाढलेली भूक अर्ध्या तासात मिटत नाही, निदान एक दिवस टिकते. २०१३ मध्ये प्रथिनं कधी घ्यावीत याबद्दलचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले गेले. दिवसभरातली एकूण प्रथिनं हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा जवळपास उरला नाही.

एक मात्र लक्षात घ्या. तुम्ही रात्रीच्या जेवणानंतर थेट उपाशीपोटी व्यायाम करत असाल, तर साडेनऊचं खाणं दुपारवर ढकलू नका. दोन तासांनी काही बिघडत नाही, पण सहा तास मी थांबणार नाही.

आता मला कळकळीने सांगायचंय ते. मी खूप प्रथिनं खाते, अशी माझी पक्की समजूत होती. दोन आठवडे तराजू घेऊन प्रत्येक घास वहीत लिहिला. सकाळी ६ ग्रॅम, दुपारी १४, रात्री ३८. वाईट वाटलं. दिवसाची बेरीज ५८, माझं वजनही ५८ किलो, म्हणजे किलोला जेमतेम १ ग्रॅम, आणि निम्म्याहून जास्त एकाच जेवणात. सर्वसाधारण प्रौढासाठी ०.८ ग्रॅमची शिफारस आहे, पण तो कमतरता होऊ नये म्हणून आखलेला आकडा आहे. वजनं उचलणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा फायदा साधारण १.६ ग्रॅमपर्यंत वाढत गेलेला दिसला. तुमच्यासाठी ते ९९ ग्रॅम.

आपल्या वयाचं आणखी एक आहे. ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल पेशीला बांधणी सुरू करायचा निरोप देतं, आणि वय वाढलं की तो निरोप ऐकू यायला जास्त मात्रा लागते. तरुणाला एका वेळी किलोमागे पाव ग्रॅम पुरतं, वयस्करांना ०.४ च्या आसपास. तुम्ही मधल्या वयात आहात, तरी वरचाच आकडा धरा: एका वेळी २५ ग्रॅम, दिवसातून चारदा. पावडरीने घ्या, अंडी-दूध-कडधान्यांनी घ्या, स्नायूला त्याचं काही नाही. अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, पाव लिटर दुधात ८. कडधान्यांत ल्युसिन कमी, म्हणून मात्रा थोडी वाढवायची.

लोखंडीदादा, तुमची सवय मोडू नका. तुम्हाला फायदा दिसतोय तो त्या शेकने दिवसाच्या बेरजेत घातलेल्या २०-२५ ग्रॅमचा, असं मला वाटतं.

पहाटपाळी:
डोळ्यांत पाणी आलं हो वाचून. चार महिने रोज घड्याळाकडे बघत पळत होते. काल मोजलं: सकाळी ९, दुपारी १६, रात्री ३०. आता मनात दुसरी भीती. यांचं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करतेय का, ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे, आणि घरात स्वयंपाक एकच. १०० ग्रॅमने माझ्याही किडनीवर ताण येईल का?

डायलिसिस विभाग:
मी परिचारिका आहे, हे रोज बघते. निरोगी किडनीला एवढ्या प्रथिनांनी इजा होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्हाला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी क्रिएटिनिन आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, ते तपासून घ्या. साहेबांचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा. किडनीचा आजार असून डायलिसिस चालू नसेल तर प्रथिनं बहुधा कमी करायला सांगतात, डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवायला. त्यांचा आकडा त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांकडूनच घ्या. भाजी एकत्र शिजू दे, तुमची जास्तीची प्रथिनं वेगळ्या भांड्यात. आणि व्यायामानंतर स्नायू खूप सुजले, कमालीचा अशक्तपणा आला आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर ते नेहमीचं दुखणं नव्हे. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

लांब पल्ला:
मी धावतो, माझी एक भर. फक्त प्रथिनांच्या मागे लागून मी कर्बोदकं कमी केली होती, तर दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, रिकामा झाला की कर्बोदकांनीच भरतो, प्रथिनांनी नाही. तासभर वजनं उचलून ते पूर्ण संपत नाही, त्यामुळे ताईंना रोजचं जेवण पुरेल.

पहाटपाळी:
पंधरा दिवसांनी लिहितेय. सकाळचे ९ आता २४ झालेत, साडेनऊलाच, बसून, मळमळ न होता. यांच्या डॉक्टरांनी किलोमागे ०.६ ग्रॅम सांगितलंय, त्यांची वही वेगळी केली. तेच वाढवलेलं वजन दोनदा उचललं, जिना कठड्याविना उतरले. दुपारचं अजून १८ वरच अडलंय.

वहीतली नोंद:
दुपारचं मलाही सर्वांत शेवटी जमलं. त्या १८ मध्ये काय काय येतं ते लिहा, बघू या कुठे ७ ग्रॅम बसतात.