मुंबईत कुंडीत तरवड जगतो का?

जतची_मुलुंडकर:
माझं माहेर जत तालुक्यातलं. तिकडे तरवड कुणी लावत नाही, तो असतोच. बांधावर, माळावर, रस्त्याकडेला, जनावरंही सहसा तोंड लावत नाहीत. आमच्याकडे घटाच्या माळेत तरवडाचं पिवळं फूल लागतंच. मुंबईत पहिल्या नवरात्रात पहाटे पाचला दादरच्या फुलबाजारात गेले. तरवड मागितला तर फुलवाला म्हणतो, "तेरडा? तो गौरींबरोबर गेला!"

शेवटी गेल्या दिवाळीत गावाहून वाळक्या शेंगा आणल्या. जूनच्या पहिल्या पावसाला ग्रिलमधल्या कुंडीत वीस बिया टोचल्या. कोकोपीट, शेणखत, रोज पाणी. उगवल्या दोन. जुलैत वीतभर झाले, ऑगस्टमध्ये पानं पिवळी, बुंधा काळा. हात लावला तर रोप मुळापासून सुटून वरच आलं. जे झाड आमच्या माळावर उन्हाळाभर पाण्याशिवाय उभं असतं, ते माझ्याकडे दोन महिन्यांत गेलं. कुणी कुंडीत वाढवलंय का?

गच्चीवाला_भांडुप:
ताई, लाड जास्त झाले! माझ्याकडे तिसऱ्या वर्षाचा तरवड आहे, आणि त्याआधीचे दोन मीही असेच घालवलेत.

तुमच्याकडे पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, इथे दोन हजारांच्या वर. त्यात कोकोपीट म्हणजे ओला स्पंजच. मी अर्धी लाल माती, उरलेल्या अर्ध्यात जाड वाळू आणि विटांचा चुरा घालतो. कुंडी मातीची, खोल, खालचं भोक मोठं करून. शेणखत मूठभर. तरवड शेंगवर्गातला असला तरी हरभऱ्यासारख्या त्याच्या मुळांवर गाठी नसतात, हवेतला नत्र त्याला मिळत नाही. तरी खत ओतू नका, नुसता पाला माजतो.

बी मात्र दगड असतं. टोकाला पॉलिश पेपरवर जरा घासा, किंवा उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवा. जे फुगेल ते लावा, जे फुगणार नाही ते पुन्हा घासा. लावायचं दिवाळीनंतर, म्हणजे पावसाळ्यापर्यंत खोड लाकडासारखं होतं. जूनमध्ये कुंडी भिंतीला चिकटवून छपराखाली. मुळांना धक्का आवडत नाही, तेव्हा थेट मोठ्या कुंडीतच पेरा.

एक_माळीण:
नर्सरीतून घेणार असाल तर आधी पानाचा देठ बघा. तरवडाच्या देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीएवढी दोन हिरवी पानं असतात, शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलाटा' त्याच कानांवरून. मला एकाने तरवड म्हणून दुसरीच पिवळ्या फुलांची केशिया दिली होती. शेंगही बघा, चपटी आणि कागदासारखी पातळ.

माटुंगा_रोड:
आमचे तमिळ शेजारी याला आवारम म्हणतात, वाळलेल्या फुलांचा काढा करतात. पूर्वी कातडं कमवायला याचीच साल लागायची. वाळकी फुलं इथल्या एका तमिळ दुकानात मिळाली मला, पण ती माळेत ओवायच्या कामाची नाहीत.

जतची_मुलुंडकर:
@गच्चीवाला_भांडुप, फूल पहिल्याच वर्षी येतं का? आणि चौथ्या मजल्यावर भुंगे येतील?

गच्चीवाला_भांडुप:
माझ्याकडे दुसऱ्या वर्षी आलं. काळे मोठे भुंगे येतात, फुलाला लटकून गुणगुणत पराग झाडून घेतात, मध नसतोच त्यात. ते आले नाहीत तरी माळेपुरतं फूल मिळेल, शेंगा धरणार नाहीत इतकंच. फुलपाखराच्या अळ्या पानं खातील, खाऊ द्या, झाड पुन्हा फुटतं.

जतची_मुलुंडकर:
डब्यात अजून अकरा बिया निघाल्या. रात्री चार घासल्या, सकाळी तीन टम्म फुगल्यात! बाकीच्या सात दिवाळीपर्यंत ठेवते. या तिघींचं आता काय करू? बाहेर धो धो चाललंय.

गच्चीवाला_भांडुप:
खिडकीच्या आत, पेपरच्या सुरळीत लावा. सुरळीसकट कुंडीत जाते.