लंडन–टोकियो: ९,६०० किलोमीटरला १४ तास?

गोंधळलेली_गौरी
फेब्रुवारीत लंडनहून टोकियोला जायचंय. अंतर शोधलं तर सगळीकडे साधारण ९,६०० किमी दिसतं. विमान ताशी ९०० ने जातं म्हणे, म्हणजे फार तर अकरा तास. तिकिटात बघावं तर सकाळी साडेनऊला निघून दुसऱ्या दिवशी साडेआठला पोचणार. थेट विमानाला २३ तास?? कुणी उलगडून सांगेल का?

नकाशेबाज
२३ नाही हो, १४. टोकियोचं घड्याळ हिवाळ्यात लंडनच्या ९ तास पुढे असतं, ते वजा करा. उन्हाळ्यात ८. १४ का, ते काका सांगतील.

डिस्पॅचवाले_काका
आलो! ताई, ते ९,६०० म्हणजे गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. पृथ्वीचा गोल हाताशी असेल तर ताणून बघाच. दोरा सरळ पूर्वेला जात नाही, आधी वर नॉर्वेकडे चढतो आणि मग बराचसा रशियावरून खाली उतरतो. तिथंच घोडं पेंड खातं. फेब्रुवारी २०२२ पासून ब्रिटिश विमानांना रशियाचं आकाश बंद आहे, जपानी कंपन्याही तिकडून जाणं टाळतात. मग कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन असा दक्षिणेचा वळसा. हे नवीनही नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं, तेव्हा हीच विमानं अलास्कात अँकरेजला उतरून इंधन भरायची.

दुसरी भानगड वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात जपानवर तर कधीकधी ताशी ३०० किमीच्या वर. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. म्हणून टोकियोहून लंडनला येणारी काही विमानं चक्क उलटी, पूर्वेला निघतात: पॅसिफिक, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, आइसलँड. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण आम्ही डिस्पॅचवाले, म्हणजे विमानांचे मार्ग आखणारे, अंतराला विचारतोच कुठे? वेळ किती आणि इंधन किती, एवढंच बघायचं.

आणि तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. धावपट्टीच्या रांगेत रखडलेली मिनिटंही त्यातच धरलेली.

शंकासुर
काका, मग चिनी कंपन्यांची विमानं लंडनहून बीजिंगला दहा-साडेदहा तासांत कशी पोचतात?

डिस्पॅचवाले_काका
त्यांना रशियानं बंदी घातलेली नाही, त्यांचा दोरा सरळच. शिवाय बीजिंग टोकियोपेक्षा जवळ, ८,२०० किमीच्या आतबाहेर.

गोंधळलेली_गौरी
आता कळलं! पण परतीचं विमान अलास्कावरून येणार की चीनवरून, हे आधी कसं ओळखायचं?

डिस्पॅचवाले_काका
तिकिटावरून नाही कळायचं. नेमका मार्ग त्या दिवशीचा वारा बघून, उड्डाणाच्या काही तास आधी ठरतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तोच फ्लाइट क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यातल्या रेघा बघा, अंदाज येईल. आणि लंडनला उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये दोनच तास ठेवू नका. चार ठेवा.