इंदूरचे जुने दुमजली घर : बिनतारी सुरक्षा यंत्रणा स्वतः बसवायची आहे, निवड कशी करावी?

रामबागचा_वाडा

नमस्कार. इंदूरला रामबागेत आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. आई-बाबांनी सत्तरी ओलांडली असून दरवर्षी दिवाळीनंतर दोन-अडीच महिने ते पुण्याला ताईकडे जाऊन राहतात. मी नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो, त्यामुळे तेवढा काळ घराला कुलूप असते. या दिवाळीत घरी येईन तेव्हा दरवाजांना सेन्सर, एक-दोन ठिकाणी हालचाल टिपणारे यंत्र आणि एक भोंगा अशी बिनतारी यंत्रणा स्वतःच बसवावी असा विचार आहे. जुन्या भिंती फोडून वायरिंग करणे बाबांना मान्य नाही आणि दरमहा शुल्क घेणाऱ्या कंपनीवर विसंबून राहणे मला मान्य नाही.

घराची रचना अशी आहे. पुढे सागवानी दोनपाखी दरवाजा आणि त्याच्या बाहेर लोखंडी चॅनल गेट, मागे बोळात उघडणारा लोखंडी पत्र्याचा दरवाजा, मधोमध वरून जाळी टाकलेला उघडा चौक आणि माडीवरून गच्चीकडे जाणारे एक लाकडी दार. खालच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, चुन्याच्या आहेत. ब्रॉडबँडचा राउटर पुढच्या ओसरीत आहे आणि मागच्या स्वयंपाकघरात वाय-फाय जेमतेम पोहोचते. आठवड्यातून एकदा कामाच्या मावशी येऊन झाडलोट करतात आणि तुळशीला पाणी घालतात. बाबा गावाला जाताना मेन स्विच बंद करून जातात, हेही सांगून ठेवतो.

जेल रोडवरच्या एका दुकानदाराने सिमकार्डावर चालणारे स्वस्त पॅनेल, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे संकेत घेणारा मुख्य डबा, दाखवले आहे. ऑनलाइन पाहिले तर वाय-फाय आणि ४जी दोन्ही असलेले संच मिळतात, पण ते बरेच महाग आहेत. कार्यालयातील एक सहकारी म्हणतात की होम असिस्टंट ही घरातली उपकरणे जोडणारी संगणकप्रणाली वापरून सगळे आपल्या मनासारखे जुळवता येते. वीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कोणत्या मार्गाने जावे?

जुना_तारयंत्री

पॅनेल कोणते घ्यावे हे ठरवण्याआधी मेन स्विचचे ठरवा. घर बंद करून जाताना सगळी वीज बंद करण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि आगीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु त्यामुळे राउटर लगेच बंद पडतो आणि पॅनेल आपल्या अंगच्या बॅटरीवर काही तास, फार तर एखादा दिवस तग धरते. इन्व्हर्टर असला तरी मेन बंद म्हणजे चार्जिंग बंद, तेव्हा तोही हळूहळू रिकामा होतो. म्हणजे जे दोन महिने राखण हवी, त्यांतील पहिल्या दिवसानंतर यंत्रणा मुकी. यावर उपाय सोपा आहे: वितरण पेटीत राउटर आणि पॅनेल यांच्यासाठी एक स्वतंत्र एमसीबी (पेटीतली छोटी स्वयंचलित कळ) वायरमनकडून काढून घ्या, जाताना बाकीचे एमसीबी खाली करा आणि तो एक चालू ठेवा. त्यावर ठळक अक्षरांत ‘बंद करू नये’ असे लिहून चिकटवा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा. मात्र वस्तीतली वीज गेली की ब्रॉडबँडवाल्याचे गल्लीतले उपकरणही अनेकदा बंद पडते, म्हणून केवळ वाय-फायवर चालणारे पॅनेल आपल्या घराला पुरणार नाही. सिमची सोय हवीच.

आता जेल रोडवरच्या पॅनेलविषयी. ते ‘जीएसएम’ म्हणून विकले जात असेल तर ते बहुधा २जी आहे, आणि जिओचे जाळे सुरुवातीपासून ४जीचे असल्यामुळे अशा पॅनेलमध्ये जिओचे सिम चालतच नाही. एअरटेल किंवा व्हीआयचे सिम आज चालेल, पण २जी कधीतरी बंद होणार हे गृहीत धरून आजच ४जी पॅनेल घेणे शहाणपणाचे आहे. सिमच्या रिचार्जची मुदत संपली तर पॅनेल जागे राहूनही कोणाला फोन करू शकणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये केवळ कॉल आणि एसएमएस असलेले पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली, ती आपल्या उपयोगाची आहे. वर्षाचा पॅक घाला आणि त्याची तारीख स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवा. जे पॅनेल फक्त इंटरनेटवरून सूचना पाठवते त्याला मात्र डेटा लागेल, हे विकत घेण्याआधी विचारा.

तिसरी गोष्ट लहरींची. स्वस्त संचांतील सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर एक ठरलेला संकेत एकतर्फी पाठवतात. ही लहर जाड भिंतींतून २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायपेक्षा बरी जाते हे खरे, परंतु संकेत दरवेळी तोच असल्यामुळे जवळ उभे राहून तो टिपणे आणि पुन्हा सोडणे अवघड नाही. त्याहून मोठा दोष असा की सेन्सरची बॅटरी संपली किंवा तो भिंतीवरून निखळून पडला तरी पॅनेलला पत्ता लागत नाही. चांगल्या संचात सेन्सर आणि पॅनेल यांचा संवाद दुतर्फा असतो, सेन्सर ठरावीक वेळाने आपली हजेरी देतो आणि झाकण उघडले तरी सूचना येते. दुकानदाराला रंग आणि रिमोटची संख्या विचारण्यापेक्षा ही हजेरीची सोय आहे का ते विचारा. नसेल तर तो संच घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

परदेशातून कोणी संच आणून देत असेल तर आणखी एक सावधगिरी बाळगा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे आणि झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीची भारतीय उपकरणे ८६५.२ वर चालतात. अमेरिकन झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते, आणि तो पट्टा आपल्याकडे मोबाइल फोनचा आहे. भेट म्हणून आला तरी तो संच वापरू नये.

झिग्बीप्रेमी

होम असिस्टंट मी स्वतः वापरतो आणि त्याचा चाहता आहे, तरीही आपल्या घरासाठी त्याची शिफारस करणार नाही. त्यासोबत सेन्सरांसाठी बहुधा झिग्बी ही बिनतारी पद्धत वापरतात. झिग्बीची खुबी अशी की विजेवर चालणारी उपकरणे, म्हणजे स्मार्ट प्लग किंवा दिवे, एकमेकांचे संदेश पुढे पोहोचवतात आणि जाळे विणले जाते. बॅटरीवरचे सेन्सर हे काम करत नाहीत. दीड-दोन फुटांच्या भिंतींच्या घरात मागच्या दारापर्यंत पोहोचायला दोन-तीन प्लग मध्ये ठेवावे लागतील, आणि वर जुना_तारयंत्री यांनी सांगितल्याप्रमाणे बाकीचे एमसीबी खाली केले की तेच प्लग मरतात व मागचे दार जाळ्याबाहेर पडते. शिवाय प्रणाली अडकली तर ती पुन्हा सुरू करायला घरात कोणी नाही, आणि आई-बाबा परतल्यावर त्यांना समजेल असा साधा कीपॅडही त्यात आपोआप मिळत नाही.

तरीही पुढे कधी हौस म्हणून करायचे झाले तर झिग्बीचा चॅनल २० किंवा २५ निवडा, म्हणजे वाय-फायच्या १, ६ आणि ११ या चॅनलांशी टक्कर होणार नाही. झिग्बीचा डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा प्रेषक-ग्राहक) थेट यूएसबी ३.० च्या खोबणीत न खुपसता हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलवर ठेवा, कारण त्या खोबणीचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो.

लोकमान्यनगरकर

सेन्सर कुठे आणि कसे लावावेत याबद्दल लिहितो, कारण चांगले पॅनेल घेऊनही लोक इथे घाई करतात.

दाराच्या सेन्सरचे दोन भाग असतात, एक लोहचुंबक आणि दुसरा त्याची जवळीक ओळखणारा प्रेषक. आपल्या मागच्या पत्र्याच्या दारावर प्रेषक मुळीच चिकटवू नका. लोखंड त्याची लहर दाबते. प्रेषक चौकटीवर लावा, चुंबक दारावर, आणि चुंबकाखाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चांगली जाड पट्टी द्या, नाहीतर पत्रा चुंबकाचा जोर शोषून घेतो. मागची चौकटही लोखंडी असेल तर लोखंडी दारांसाठी मिळणारा जास्त अंतराचा सेन्सर घ्यावा. सागवानी दाराची अडचण निराळी आहे. ते पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात आकसते, म्हणून दिवाळीत कोरड्या हवेत जुळवलेले अंतर आषाढात तसेच राहील असे नाही. संचाच्या माहितीपत्रकात दिलेल्या कमाल अंतराच्या निम्म्याहून जास्त फट ठेवू नका. दोनपाखी दारात आधी उघडणाऱ्या पाखीवर चुंबक आला पाहिजे. दुसरी पाखी वर-खाली खिट्टीने पक्की असते, तिला वेगळा सेन्सर लागत नाही.

संचासोबत येणारी दुहेरी चिकटपट्टी चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही, रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येते. जिथे शक्य तिथे लाकडी चौकटीवर किंवा तुळईवर छोट्या स्क्रूने लावा. बाबांचीही हरकत राहणार नाही.

हालचाल टिपणारे यंत्र, म्हणजे पीआयआर, माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला बदल पाहते. उघड्या चौकाकडे त्याचे तोंड करू नका. सरकणारे ऊन, कबुतरे आणि मांजरे मिळून रोज भोंगा वाजवतील. ते जिन्याच्या पायथ्याशी, सुमारे सात फूट उंचीवर, अशा कोनात लावा की गच्चीवरून उतरणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. थेट यंत्राच्या दिशेने चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच दिसतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की माडीवरच्या खोलीची हवा अंगाच्या तापमानाला येऊन भिडते आणि स्वस्त पीआयआर आंधळे होते, तेव्हा तापमानानुसार संवेदनक्षमता बदलणारे घ्या. आपला मुख्य काळ हिवाळ्याचा असला तरी आई-बाबा उन्हाळ्यातही कधी बाहेर जातीलच. ‘पाळीव प्राण्यांना चालते’ असे लिहिलेले यंत्र जमिनीवरून फिरणाऱ्या मांजराला सोडून देते. तेच मांजर कपाटावर चढून यंत्राच्या पातळीला आले तर सोडत नाही.

भोंगे दोन हवेत. एक घरात, पॅनेलपासून दूर, म्हणजे आवाजाच्या मागावर जाणाऱ्याला पॅनेल सापडणार नाही. दुसरा रस्त्याच्या बाजूला पहिल्या मजल्यावर, हात पोहोचणार नाही असा, धूळ-पाण्यापासून बचावाच्या किमान आयपी६५ दर्जाचा. मात्र शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

रामबागचा_वाडा

सर्वांचे मनापासून आभार. ४जी आणि वाय-फाय दोन्ही असलेले, दुतर्फा संवादाचे पॅनेल घ्यायचे आणि बाबांशी एमसीबीबद्दल बोलायचे, हे नक्की केले. दोन शंका उरल्या आहेत. कॅमेरा लावावा का, आणि मावशी आल्या की काय करायचे? त्यांना रिमोट दिला आणि तो हरवला तर?

महाराणी_रोडचा_वायरमन

मावशींना रिमोट देऊ नका, कीपॅडवर स्वतंत्र चार आकडी संकेत द्या. बहुतेक चांगल्या पॅनेलमध्ये प्रत्येक संकेताला वेगळे नाव देता येते, त्यामुळे ‘मावशींनी ९ वाजून १० मिनिटांनी यंत्रणा बंद केली’ अशी सूचना आपल्याला बंगळुरूला मिळेल, आणि काम सुटल्यास तेवढा एकच संकेत रद्द करता येईल. पुढच्या दाराला ४५ सेकंदांचा विलंब ठेवा, म्हणजे चॅनल गेट उघडून, आत येऊन आकडे दाबायला त्यांना घाई होणार नाही. मागच्या आणि गच्चीच्या दाराला विलंब मुळीच ठेवू नका, कारण तिथून घरचे कोणी येत नाही. पहिल्या दोन खेपांना आई-बाबा घरी असतानाच मावशींच्या हातून हे करवून घ्या.

कॅमेरा एक पुरे, तोही ओसरीत आतल्या बाजूने दाराकडे पाहणारा. बोळाकडे लावला तर शेजाऱ्यांचे येणे-जाणे टिपले जाईल आणि नाहक कटुता येईल. भोंगा वाजल्यावर खरेच कोणी आहे का हे पाहणे, एवढेच त्याचे काम. सरासरी एक मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने सलग चित्रण केले तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड अकरा दिवसांत भरून जुने पुसू लागते. हालचाल झाल्यावरच चित्रण ठेवले तर तेच कार्ड बरेच दिवस पुरेल. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते ते असे न बदललेले पासवर्ड वापरूनच.

पॅनेलने कॉल करायच्या यादीत पहिले नाव आपले नको. बंगळुरूहून आपण काय करणार? पहिला क्रमांक दोन घरे सोडून राहणाऱ्या, किल्ली ठेवलेल्या माणसाचा असू द्या, दुसरा आपला, तिसरा ताईंचा. ११२ हा क्रमांक पॅनेलमध्ये घालू नका, खात्री झाल्यावर माणसाने तो स्वतः लावावा. घर बंद राहणार असल्याची लेखी सूचना जवळच्या ठाण्यात देऊन ठेवा.

आणि सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बसवू नका. निदान आठवडाभर आधी लावून एका संध्याकाळी बाबा करतात तसे एमसीबी खाली करा, राउटरची तार काढा आणि शेजाऱ्यांना मागचे दार उघडायला सांगा. फोन आला पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे आणि पुन्हा वीज दिल्यावर पॅनेल कोणाचा हात न लागता वाय-फायवर परतले पाहिजे. यांतले एकही झाले नाही तर संच परत करण्याची मुदत अजून शिल्लक असेल.