मदत हवी आहे: शीर दिसते, रक्तही येतं, पण वायर जात नाही

नवजात शिशू विभागात फेलोशिपचं पहिलं वर्ष चालू आहे. सोनोग्राफीत बघून सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) टाकायला शिकतोय आणि सारखा एकाच जागी अडकतोय. मोठ्या मुलांमध्ये सात-आठ लाइन स्वतः टाकल्यात, पण एवढंसं बाळ समोर आलं की हात माझा राहत नाही.

परवाचं बाळ १३०० ग्रॅमचं. नाभीतली लाइन काढावी लागली होती, पिकसाठी (हातापायातून आत नेतात ती लांब लाइन) हातापायाची एकही शीर उरली नव्हती (तिघांचे प्रयत्न करून झाले होते). उजवी इंटर्नल ज्युग्युलर (मानेतली मोठी शीर) घ्यायचं ठरलं. सोनोग्राफीचा छोटा हॉकी स्टिक प्रोब, मानेवर आडवा. शीर जेमतेम ३ मिमी. आउट ऑफ प्लेन (प्रोबच्या पट्ट्याला आडवी) सुई घातली, शिरेच्या मधोमध पांढरा ठिपका दिसला, सिरिंजमध्ये रक्त आलं. सिरिंज काढली, ०.०१८ इंची वायर (जिच्यावरून मग नळी आत नेतात) सरकवली आणि सेंटिमीटरभर जाऊन ठप्प. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा शिरेशेजारी हिमॅटोमा (साकळलेलं रक्त) दिसायला लागला तेव्हा सरांनी मला बाजूला केलं. त्यांनी डाव्या कॉलरबोनच्या वरून ब्रेकिओसेफॅलिकमध्ये (ज्युग्युलर पुढे जिला मिळते ती छातीतली मोठी शीर) टाकली, एका टोच्यात.

रक्त येतंय तर वायर का अडते? आणि ब्रेकिओसेफॅलिक मी आत्तापासूनच शिकू, की आधी मानेवरच हात बसवू?

भूलवाला:
तो ठिपका सुईचं टोक होतं कशावरून? आउट ऑफ प्लेनमध्ये प्रोबखाली सुईचा जो भाग येईल त्याचा ठिपका दिसतो. टोक असो नाहीतर दांडा, दिसायला सारखाच. टोक मागच्या भिंतीपार गेलेलं असतं आणि आपण ठिपका बघून खूश. ठिपका दिसला की सुई थांबवा आणि प्रोब केसभर पुढे सरकवा. ठिपका गायब झाला तर ते टोक. मग सुई पुढे, पुन्हा प्रोब पुढे. शिरेत शिरल्यावर इथेच सगळे घाई करतात. रक्त आलं तरी थांबू नका, असंच करत टोक शिरेच्या आत आणखी थोडं न्या, मगच सिरिंजला हात लावा.

३ मिमीची शीर आणि सुईच्या तोंडाचा तिरका काप मिलिमीटरभर तरी. तो अर्धा आत, अर्धा बाहेर असला तरी रक्त येतंच. वायर मात्र भिंतीत घुसते.

रात्रपाळी:
वरच्याशी सहमत. शिवाय प्रोब दाबत असाल. या बाळांची ज्युग्युलर प्रोबच्या नुसत्या वजनानेही चपटी होते, मग पुढची भिंत मागचीला टेकते आणि एका टोच्यात दोन्ही फुटतात. जेल भरपूर घ्या, प्रोब जेलवर तरंगता ठेवा, करंगळी बाळाच्या छातीवर टेकवा. खांद्याखाली छोटी गुंडाळी हवी, पण मान फार वळवू नका, कॅरोटिड धमनी शिरेच्या खाली येते. सिस्टरला यकृतावर हलका दाब द्यायला सांगा, शीर फुगलेली पडद्यावरच दिसेल. आणि जेल कोमट असू द्या, बाळ गार पडतं.

भूलवाला:
ब्रेकिओसेफॅलिक जरूर शिका, उलट मला तीच सोपी वाटते. आजूबाजूच्या ऊतींनी ताणून धरलेली असते, त्यामुळे श्वासागणिक मिटत नाही. ज्युग्युलर आडवी धरून प्रोब खाली कॉलरबोनपर्यंत आणा आणि छातीकडे झुकवा, शीर लांबीत उघडते. सुई प्रोबच्या बाहेरच्या टोकाकडून इन प्लेन (प्रोबच्या पट्ट्याच्या रेषेत) घाला, टोकासकट आत गेलेली सुई लांबीत दिसते. डावी शीर जास्त आडवी असल्याने चित्र चांगलं मिळतं, मात्र थोरॅसिक डक्ट (लसिका वाहून नेणारी मोठी नळी) त्याच बाजूला, तिला इजा होऊ शकते. खाली हलणारी चकचकीत रेघ म्हणजे प्लूरा, फुप्फुसाचं आवरण. ती आणि सुईचं टोक एकाच वेळी दिसत नसेल तर सुई हलवायची नाही.

डायलेटर (वायरवरून घालून वाट रुंद करायची नळी) त्वचा आणि वरच्या ऊतींपुरताच. मुठीपर्यंत ढकलणारे पाहिलेत मी, अंगावर काटा येतो.

रात्रपाळी:
लाइनचं टोक कुठे पोचतंय तेही बघा. वायर हृदयाकडे उतरली की वर ज्युग्युलरमध्ये चढली, हे डायलेटर घालण्याआधीच प्रोबने तपासता येतं. कॅथेटरचं टोक सुपीरिअर व्हेना कावा (हृदयात उतरणारी वरची महाशीर) आणि हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या सांध्याजवळ हवं, कर्णिकेच्या आत नको. इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) बघत सलाइनचा छोटा फ्लश द्या, बुडबुडे कुठे उमटतात ते कळतं. लाइन असलेलं बाळ अचानक कोसळलं तर आधी हृदयाभोवती पाणी आहे का ते बघायचं, एक्स-रेची वाट पाहायची नाही.

धागाकर्ता:
आज ड्युटी संपल्यावर जिलेटिनच्या गोळ्यात बारीक रबरी नळी घालून सराव केला. ठिपका दिसल्यावर प्रोब पुढे सरकवला, तर ठिपका तसाच! म्हणजे इतके दिवस मी दांडाच बघत होतो. दहापैकी सहा वेळा टोक नळीपार गेलेलं. उद्या इन प्लेन करून बघतो. भूलवाला, तुम्ही रक्त आल्यावर सुईचा कोन किती खाली आणता?

भूलवाला:
कातडीला जवळजवळ टेकेपर्यंत. आणि सिरिंज काढताना सुई धरलेला हात बाळावर टेकलेला हवा, हवेत नाही.