चित्रे काढून घेणाऱ्या समुपदेशकाकडे पुतण्याला न्यावे का?

प्रश्न (शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने आत्महत्या केली. नापिकी होती, कर्ज होते. पण कारण तेवढेच होते असे मी म्हणणार नाही. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा तेव्हापासून घरात फारसा बोलत नाही, रात्री दचकून उठतो आणि गोठ्यात बैलांजवळ जायचे म्हटले की अंग चोरतो. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा एक समुपदेशक बाई येतात आणि त्या आर्ट थेरपीही (चित्रे काढून घेत करायचा मनाचा उपचार) करतात, असे आमच्या आशाताईंनी सांगितले. वहिनींना भीती वाटते की गावात बोभाटा होईल आणि पोराला वेडा ठरवतील. माझी शंका वेगळी आहे. मुलाला चित्रकलेची गोडी नाही. मग चित्रांवरून त्याच्या मनातले कसे ओळखणार, आणि ओळखलेच तर ते चारचौघांत तर जाणार नाही ना?

उत्तर १ (समुपदेशक, अमरावती)

आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. या उपचारासाठी चित्र चांगले यावे लागत नाही. क्षयाने आजारी असलेले ब्रिटिश चित्रकार अ‍ॅड्रियन हिल आरोग्यधामात चित्रे काढत असत. त्या अनुभवातून १९४२ साली त्यांनी आर्ट थेरपीची कल्पना मांडली, तेव्हापासून ही पद्धत वाढत गेली. जे मुलाला शब्दांत सांगता येत नाही, ते कागदावर किंवा मातीत उतरवायला त्याला जागा मिळावी, एवढाच तिचा हेतू असतो.

साधनांचीही निवड विचारपूर्वक केली जाते. घाबरलेल्या मुलाला आधी पेन्सिल किंवा मेणाचे खडू देतात, कारण ते हाताच्या ताब्यात राहतात. पाण्याचे रंग आणि ओली माती भावना लवकर मोकळ्या करतात, म्हणून ती मूल रुळल्यावरच पुढे येतात. समजा, मुलाने सगळा कागद काळ्या खडूने भरून टाकला, तर काळा म्हणजे दुःख असा ठोकताळा जाणकार समुपदेशक लावत नाही. ते पावसाळी आभाळ असेल, रात्र असेल किंवा डबीत तोच एक खडू लांब उरला असेल. ‘इथे काय चालले आहे, मला सांगशील का?’ एवढेच विचारायचे, आणि मुलाने मान हलवून नकार दिला तर तो मनापासून मान्य करायचा. माझ्या मते या कामातली करुणा ती हीच.

गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच दिलेला आहे. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र आईला सांगावेच लागते, आणि हे मुलालाही पहिल्याच भेटीत समजावून सांगितले पाहिजे. बाईंचे शिक्षण आणि प्रशिक्षण काय झाले आहे, हे आपण निःसंकोच विचारा. मुलगा मरणाची भाषा बोलू लागला किंवा त्याचे जेवणखाण सुटले, तर केवळ चित्रांवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो.

उत्तर २ (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका)

वहिनींच्या भीतीबद्दल लिहिते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, ज्यात गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मनाच्या आजारांविषयी लोकांशी बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. तो चित्रोपचार नव्हता. पण ओळखीचे माणूस दाराशी आले की लोक उपचाराला बिचकत नाहीत, हे त्यातून दिसते. म्हणून आशाताईंनाच सोबत न्या.

आणखी एक विनंती. पोळ्याला ‘आता बापाच्या जागी तूच’ असे म्हणून त्याच्या हातात कासरा देण्याचा आग्रह कुणी धरू नये. मुलाच्या खांद्यावर ते ओझे फार मोठे होते.

उत्तर ३ (एक वाचक, वर्धा जिल्हा)

माझे यजमान गेल्यानंतर मी अशाच एका बाईंकडे जात होते. दाराशी रांगोळी काढणे मी सोडून दिले होते. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद आणि रंगीत खडू ठेवले. मी ठिपके मांडले, पण ओळी जोडल्या नाहीत, आणि ‘जोडा’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. कितीतरी भेटींनंतर मी आपणहून पहिली ओळ ओढली आणि त्या दिवशी प्रथमच मोकळेपणाने रडले. आपल्या वहिनींनीही स्वतःसाठी वेळ मागून घ्यावा. मुलाइतकाच आधार त्यांनाही हवा आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. येत्या बाजाराच्या दिवशी पुतण्याला विचारून नेतो. कासऱ्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलतो. भेटीच्या वेळी वहिनींनी आत बसावे की बाहेर?

उत्तर १ (समुपदेशक, अमरावती)

सुरुवातीला थोडा वेळ आत बसावे आणि मुलगा रुळला की त्याला सांगून बाहेर थांबावे. घरी परतताना ‘काय काढलेस, दाखव’ असे कुणी विचारू नये. बहुतेक वेळा चित्रे समुपदेशकाकडेच त्याच्या नावाच्या फाइलमध्ये राहतात. त्यातले एखादे घरी न्यायचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे.