लेकरांच्या ऑनलाइन शिकवणीचे पैसे: मी म्हणतो, भरूच नका

कोरडवाहू_राळेगाव

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, साडेसहा एकर कोरडवाहू, पोरगी सातवीत, पोरगा पाचवीत. मागच्या जूनमध्ये दोघं जण घरी आले, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. पोरीला दहा प्रश्न सोडवायला दिले. तिचे चार चुकले. मग तिच्याच समोर मला म्हणतात, "काका, मुलगी हुशार आहे, पण गणिताचा पाया कच्चा आहे. आत्ता लक्ष नाही दिलं तर दहावीत जड जाईल." पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. दुकानदार आधी लेकराच्या हातात चॉकलेट देतो अन् मग बापाकडे पैसे मागतो, तसंच झालं. महिना दोन हजार, बारा महिने. मी सही केली.

दोन महिने चाललं. घरात चांगला फोन एकच, तो दिवसभर माझ्यासोबत वावरात. मजूर, जिनिंगवाला, भाव, सगळं त्याच्यावरच. सातला घरी आलो की लाइन गेलेली, नाहीतर पोरगी भाकरीला मायच्या हाताखाली. कापूस वेचणीला लागल्यावर तर कोण बघतं व्हिडिओ! आणि बोली कोणती? अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी. पुस्तकात अंश आणि छेद, व्हिडिओत न्यूमरेटर-डिनॉमिनेटर. पुस्तकात लसावि, तिथं एलसीएम. पोरगी मराठी माध्यमाची, ती आधी भाषांतर करणार का उदाहरण?

बंद करा म्हणून फोन केला तेव्हा कळलं की हा हप्ता फी नव्हतीच. माझ्या नावावर एका फायनान्सचं कर्ज होतं. शिकवणीवाल्यांना त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी पोचले होते.

हिशेब करा. २४ हजार म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं साडेचार क्विंटल सोयाबीन. आणि हमीभावानं माझं विकलं कोणी? माझ्या वावरात एका एकरात तेवढं निघालंही नाही. माझं मत स्पष्ट आहे: खेड्यातल्या मायबापानं ऑनलाइनला एक रुपया देऊ नये. फुकटचं आहे ते वापरावं, नाहीतर संध्याकाळी तासभर लेकराजवळ बसावं.

आर्वीची_माय

भाऊ, राग नका मानू, पण तुम्ही फसले ते कर्जात, शिकवणीत नाही. दोन्हीले एकाच पोत्यात नका भरू.

माही पोरगी नववीत आहे. तिच्या शाळेत दोन वर्षांपासून गणिताची जागा रिकामी हाय. शिकवणी लावायची तर आर्वीले पाठवा लागते, सुटते सातले, अन् संध्याकाळची एसटी आली तं आली. पोरीच्या जातीले मी रस्त्यावर उभं ठेवू का? तूर विकली, ऑनलाइनचे तीन हजार रुपये वर्षाचे एकदाच भरले. ना हप्ता, ना सही. ह्यांचा जुना फोन दुरुस्त करून तिले देऊन टाकला, सिम नाही त्यात, शेजारच्या वायफायवर चालते. ते सर एकच गोष्ट चारदा सांगतात, वैतागत नाहीत. वर्गात दुसऱ्यांदा विचारलं तं पोट्टे हसतात, म्हणून ती विचारतच नव्हती.

धानोऱ्याकडचा

तुमच्याकडे निदान फोन लागते. आमच्या गडचिरोलीत टेकडीवर चढलं का टॉवर भेटते. टेकडीवर बसून लसावि काढते का कोणी?

फळ्यासमोरचा

मी जिल्हा परिषद शाळेत १९ वर्षांपासून शिकवतो. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेला आहे. मोबाइल धरला की त्या धड्याचा मजकूर दीक्षा या सरकारी ॲपवर उघडतो. दीक्षा २०१७ पासून फुकट आहे. दरवर्षी पालकसभेत सांगतो. सगळे मान हलवतात, घरी जाऊन कोणी उघडत नाही. फुकट म्हटलं की लोकांना ते हलकंच वाटतं, हा माझा अनुभव.

जोर लावायचाच तर तो परीक्षेकडे लावा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतला मुलगा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. चार वर्षांचे ४८ हजार. राळेगावच्या भाऊंच्या कोर्सची दुप्पट रक्कम सरकारच देतं. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि विषयांचे ९० प्रश्न. जुने पेपर सोडवायला आमच्याकडे रोज शाळा सुटल्यावर पोरं बसतात, रुपयाही घेत नाही. भाऊंचा मुलगा पाचवीत आहे, त्याला नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचंही बघा. ते पेपर मराठीतूनच देता येतात, तिथं न्यूमरेटर आडवा येत नाही.

शंका_विचारतो

गुरुजी, एक विचारू? तुमची स्वतःची लेकरं कुठं शिकतात?

फळ्यासमोरचा

अपेक्षित होता प्रश्न. वर्ध्याला, इंग्रजी माध्यमात. ट्यूशनही आहे, मोठ्याला ऑनलाइन कोर्सही आहे. खोटं बोलून काय उपयोग. दीक्षावरचे काही व्हिडिओ कंटाळवाणे आहेत हेही मान्य. पण माझा पगार दर महिन्याला बँकेत येतो. पगारदाराचं पाहून कोरडवाहूवाल्यानं सही करू नये, माझं म्हणणं एवढंच आहे.

शंका_विचारतो

म्हणजे तुमच्या लेकरासाठी चांगलं ते चांगलं, आन आमच्यासाठी क्यूआर कोड. बरं हाय.

आधी_विकायचो

मी दीड वर्ष असले कोर्स विकले, आता सोडलं. नाव घेत नाही. भाऊंना सांगितलं तेच आम्ही सगळीकडे सांगायचो, शब्द न् शब्द. चाचणी अशीच असायची की पोराचे तीन-चार चुकलेच पाहिजेत. मायबाप दोघंही घरी असताना जायचं, कारण एकटा बाप "मालकिणीले विचारतो" म्हणून सुटतो. आणि "कर्ज" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, "सोपे हप्ते" म्हणायचं. महिन्याचं टार्गेट नाही झालं तर पगारच अडकायचा. म्हणून कापूस विकायच्या दिवसांत आम्ही गावोगाव फिरायचो. त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या खिशात पैसा असतो.

आर्वीच्या ताई म्हणतात तसं, चांगलं शिकवणारे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण चांगल्याला माझ्यासारखा माणूस दारोदार पाठवावा लागतो का, हा विचार करा.

कागदपत्रवाला

राळेगावच्या भाऊंसाठी, कामाचं तेवढं लिहितो. मोबाइलमधून ऑटोपे बंद केलं म्हणजे कर्ज बंद होत नाही, उलट हप्ता थकतो. थकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. पीककर्जाला सिबिल बघू नका असं सरकार बँकांना सांगत असतं, बँका बघतातच. दोन हजारांसाठी खरिपाचं कर्ज अडकवून घेऊ नका. आधी फायनान्सकडून कर्जाचा करारनामा लेखी मागा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमात डिजिटल कर्जातून बाहेर पडायला सुरुवातीची थोडी मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तुमची ती वेळ गेली, पण बाकीच्यांनी ध्यानात ठेवा. शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं, ऑटो-डेबिट आणि हप्त्यांचं नाव घेऊन. गावात किती जणांनी ते ऐकलं ते सोडा.

तक्रार करायची असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढं जायचं झालं तर यवतमाळच्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करता येतो. कंपनी कुठलीही असो, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं केस होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. जाता जाता: या २४ हजारांत १८ टक्के जीएसटीही असेल. पोरांच्या वह्यांवरचा काढला, शिकवणीवरचा ठेवला.

आर्वीची_माय

एक राहिलंच. "संध्याकाळी लेकराजवळ बसा" म्हणता, भाऊ. बसते कोण? मायच न? दिवसभर वेचणी, मग सैपाक, मग भांडे, मग नववीचं बीजगणित? मी सातवी शिकली. माह्याजवळ बसून पोरगी शिकन तरी काय? मले येत नाही तेच तर मी तीन हजारात घेतलं. गुरुजींसारखे शाळा सुटल्यावर बसणारे गावोगाव असते तं मी कायले भरले असते?

फळ्यासमोरचा

याला माझ्याकडे उत्तर नाही, ताई. रिकामी जागा माझ्याही शाळेत आहे. दोन वर्ग मी एकटाच सांभाळतो.

कोरडवाहू_राळेगाव

सगळ्यांचं वाचलं. "एक रुपया देऊ नये" हे रागात लिहिलं, तेवढं मागं घेतो. बाकी म्हणणं कायम. बायकोला ताईंचा शेवटचा मजकूर वाचून दाखवला, ती काही बोलली नाही, नुसती हसली. त्यातच समजलं.

तीन हप्ते उरले आहेत, ते भरून टाकतो, पीककर्जाचा खेळ नको. १९१५ ला उद्या फोन लावतो. पोराच्या नवोदयसाठी आमच्या सरांना भेटतो, ते बसवतील की नाही ते पाहू.

ताई, तुमच्या त्या तीन हजारवाल्यात छेदाला छेदच म्हणतात का? म्हणत असतील तर पोरीला आधी एखादा फुकटचा व्हिडिओ दाखवून बघतो. पण पैसे आता नाहीत, पुढच्या सोयाबीनवर.

आर्वीची_माय

छेदच म्हणतात, भाऊ. लसाविले मात्र एलसीएम म्हणतात. तेवढं पोरीले आधीच सांगून ठेवा.