रोज १२० जीबी लॉग: साठवायचे कसे, शोधायचे कसे?

प्रश्न (टेल_एफ):

४० सर्व्हर, ६ जावा ॲप्लिकेशन्स, पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर). सगळे मिळून रोज साधारण १२० जीबी कच्चे लॉग (प्रोग्रॅम लिहीत जातात त्या घडामोडींच्या नोंदी) पडतात. लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइली बाजूला काढणारा प्रोग्रॅम) रात्री ते जीझिप करून (दाबून) एका सामायिक डिस्कवर टाकतो. एक ट्रान्झॅक्शन आयडी झेडग्रेपने (दाबलेल्या फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) शोधायचा तर एका दिवसाच्या फाइलींनाच अर्धा तास लागतो. म्हणून चाचणीपुरतं इलॅस्टिकसर्च (नोंदींचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, करून ठेवणारं इंजिन) उभं केलं. तिथे तीन गोष्टी अडल्या. फील्ड (नोंदीतले रकाने) १००० च्या वर गेले म्हणून नोंदी नाकारल्या जातात. ‘शेवटची १५ मिनिटं’ लावलं की काहीच दिसत नाही. आणि एका एक्सेप्शनच्या (जावाने लिहिलेल्या चुकीच्या तपशिलाच्या) ६० ओळी ६० वेगळ्या नोंदी होऊन बसतात. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे १८० दिवसांचे लॉग ठेवणं भागच आहे. मांडणी कशी करावी?

उत्तर १ (शार्ड_सांभाळ):

आधी वेळेचं बघा, कारण ते चुकलं तर बाकी सगळा शोध खोटा ठरतो. तुमच्या लॉगमध्ये वेळ ‘१४:०५:०९’ अशी नुसतीच असणार, झोन नाही. इलॅस्टिकसर्च तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं आणि किबाना (इलॅस्टिकसर्चमधल्या नोंदी बघायचं पान) ब्राउझरच्या झोनप्रमाणे वर ५:३० मिळवून १९:३५ दाखवतं. म्हणजे नोंदी पोचल्यात, पण साडेपाच तास भविष्यात बसल्यात. ‘शेवटच्या १५ मिनिटांत’ त्या सापडणार कशा? तारीख पार्स करताना झोन एशिया/कोलकाता द्या. शक्य असेल तर लॉग लिहितानाच +०५:३० जोडा, तो पक्का इलाज. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये (लॉग लिहिण्या-पाठवण्याचा एक प्रमाण साचा) तर वर्षही नसतं, तिथे आरएफसी ५४२४ चा साचा वापरा. सगळ्या सर्व्हरांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळलेली हवीत. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत हेही आहे.

फील्डचा स्फोट बहुतेक जेसनमधून (‘की’ म्हणजे नाव आणि त्याचं मूल्य, अशा जोड्यांचा साचा) होतो. कुणीतरी ग्राहक क्रमांक ‘की’ म्हणून लिहीत असेल, तर दर ग्राहकामागे एक नवा फील्ड तयार होतो. १००० ही डीफॉल्ट मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की नुसता तो फील्ड गळत नाही, अख्खी नोंद नाकारली जाते. मर्यादा वाढवत बसू नका. रोज शोधायला लागणारे २०-२५ फील्ड हाताने मॅप करा, म्हणजे त्यांचे प्रकार आधीच ठरवून द्या (वेळ, होस्ट, ॲप, स्तर, आयडी, स्टेटस, लागलेला वेळ). उरलेलं ‘फ्लॅटन्ड’ प्रकारच्या एकाच फील्डमध्ये ढकला. त्यातही शोध चालतो, फक्त सगळी मूल्यं कीवर्ड (न तोडलेला अख्खा मजकूर) म्हणून धरली जातात, त्यामुळे ‘५०० पेक्षा जास्त’ असली संख्यात्मक तुलना तिथे जमत नाही. आयडी नेहमी कीवर्डच ठेवा. तो टेक्स्ट केला तर हायफनपाशी तुकडे पडतात आणि भलत्याच नोंदी वर येतात.

एक्सेप्शनच्या ओळी जोडण्याचं काम फाइलबीटमध्येच (प्रत्येक सर्व्हरवरून लॉग वाचून पाठवणारा प्रोग्रॅम) करा. पुढे लॉगस्टॅशपर्यंत (सगळे लॉग घेऊन प्रक्रिया करणारा प्रोग्रॅम) येईतो ४० सर्व्हरच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पॅटर्न असा: ओळ चार आकडी वर्षाने सुरू होत नसेल तर ती आधीच्या नोंदीला जोडायची. नीगेट ‘ट्रू’, मॅच ‘आफ्टर’. एका नोंदीत डीफॉल्ट ५०० ओळीच बसतात, पुढच्या टाकून दिल्या जातात, हे लक्षात असू द्या.

शार्ड (इंडेक्सचा एक तुकडा; मूळ तो प्रायमरी, त्याची प्रत ती रेप्लिका) १० ते ५० जीबीच्या दरम्यान ठेवा. दिवसाला १२० जीबी म्हणजे साधारण ३ प्रायमरी शार्ड. रोलओव्हर (नवा इंडेक्स सुरू करणं) तारखेवर न ठेवता प्रायमरी शार्ड ५० जीबी झाला की होऊ द्या. जुनं काढायचं ते अख्खा इंडेक्स डिलीट करून. क्वेरीने नोंदी डिलीट केल्या तर त्यांवर फक्त खूण होते, सेगमेंट (शार्डमधल्या छोट्या फाइली) एकत्र होईपर्यंत जागा सुटत नाही. एखाद्या नोडची (इलॅस्टिकसर्चच्या एका सर्व्हरची) डिस्क ९५ टक्के भरली की त्या नोडवर ज्यांचा एखादा जरी शार्ड आहे, त्या सगळ्या इंडेक्सांचं लिहिणं बंद पडतं, म्हणून अलार्म ८० वर लावा.

उत्तर २ (ओळ_गाळणी):

वरचं सगळं पटतं, पण १८० दिवस इलॅस्टिकसर्चमध्ये ठेवू नका. १२० गुणिले १८० म्हणजे २१.६ टीबी कच्चा माल, त्यावर इंडेक्स, त्यावर रेप्लिका. १४ दिवस तिथे ठेवा, बाकीचे झेडएसटीडीने दाबून ऑब्जेक्ट स्टोरेजवर (नेटवर्कवरून फाइली ठेवायची साठवण) टाका. फोल्डरची रचना तारीख, ॲप, होस्ट, तास अशी. ‘परवा दुपारी ३ ते ४, पेमेंट’ एवढं माहीत असलं की २४ तासांऐवजी एकाच तासाच्या फाइली उघडाव्या लागतात. ग्रेपला कॅपिटल एफ (-F) हा पर्याय द्या म्हणजे रेजेक्सचा (पॅटर्नने शोधण्याचा) खटाटोप वाचतो, आणि एक्सआर्ग्स या कमांडने ८ फाइली समांतर चालवा. तुमचा अर्धा तास प्रामुख्याने एकेक फाइल उलगडण्यात जातोय.

लोकी या दुसऱ्या लॉग-साठवण प्रणालीचाही विचार करा. तो मजकुराचा इंडेक्स करत नाही, फक्त लेबलांचा (ॲप, होस्ट अशा खुणांचा) करतो, त्यामुळे साठवण स्वस्त पडते. ६ ॲप गुणिले ४० होस्ट म्हणजे फार तर २४० स्ट्रीम (एकाच लेबलसंचाच्या ओळींचा प्रवाह), हे चालतं. ट्रान्झॅक्शन आयडी मात्र चुकूनही लेबल करू नका. दर आयडीमागे नवी स्ट्रीम उघडते आणि इंजेस्टरची (लोकीचा लॉग स्वीकारणारा भाग) मेमरी संपते. क्वेरीत आधी लेबल, मग ओळीतला शब्द, आणि जेसन पार्सर शेवटी. क्रम उलटा केलात तर प्रत्येक ओळ पार्स होते. महिनाभरात एकदाच आलेला आयडी वेळ माहीत नसताना शोधायचा असेल, तर तिथे इलॅस्टिकसर्चच सरस.

टेल_एफ:

वेळेचं दुरुस्त केलं, नोंदी दिसायला लागल्या. पण मध्यरात्रीच्या आसपास काही ओळी मूळ फाइलीतही नाहीत आणि इंडेक्समध्येही नाहीत. लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेट हा पर्याय लावलेला आहे.

शार्ड_सांभाळ:

तेच कारण. आधी फाइलीची प्रत होते, मग मूळ फाइल शून्यावर येते. त्या दोन क्षणांमध्ये लिहिलेल्या ओळी कुठेच उरत नाहीत. कॉपीट्रंकेट काढा. एनजिनएक्सला रोटेशननंतर यूएसआर१ सिग्नल द्या, तो नवी फाइल उघडतो. जावाची रोटेशन लॉगबॅककडे (जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी) सोपवा आणि त्या फाइली लॉगरोटेटच्या यादीतून वगळा. डिलेकॉम्प्रेसही (दाबणं पुढच्या फेरीवर ढकलणारा पर्याय) चालू करा, म्हणजे फाइलबीटने शेवटच्या ओळी वाचायच्या आधी फाइल जीझिप होणार नाही.